दंडावरची चार बोटं

रुग्णालयाच्या तळघरात लॉन्ड्री होती आणि लॉन्ड्रीच्या एका कोपऱ्यात, गरम पाण्याच्या पाइपाखाली, शिवणमावशीचं मशीन होतं. फाटलेल्या चादरी, डॉक्टरांच्या कोटांचे उसवलेले खिसे, ऑपरेशनच्या झग्यांच्या तुटलेल्या नाड्या, असं सगळं सकाळी तिच्या डाव्या हाताला ढीग होऊन यायचं आणि संध्याकाळपर्यंत उजव्या हाताला घडी होऊन बसायचं. सत्तावीस वर्षं हेच काम. तिने शिवलेली चादर पुन्हा त्याच जागी फाटलेली कुणी दाखवावी, अशी तिची छाती ठोकून पैज होती, आणि ती पैज अजून कुणी जिंकली नव्हती.

वय छप्पन्न. अंगाने काटकुळी, बोलायला मोजकी. मुलगा तिसरीत असताना नवरा गेला. त्यानंतर मशीनचं पायडल मारत मारत तिने पोराला औषधांचं शिक्षण दिलं, आणि आता तो त्याच रुग्णालयाच्या तळमजल्यावर औषधांच्या खिडकीत बसायचा. त्याचं घरातलं नाव बंड्या. या बंड्याने जन्मात कशाविरुद्ध बंड केलं नव्हतं. गोळी मोजताना तीनदा मोजायची, कुलूप लावून दोनदा ओढून बघायचं, रस्ता ओलांडताना मोकळ्या रस्त्याकडेही संशयाने पाहायचं, असा माणूस. सून शाळेत चित्रकला शिकवायची. ती म्हणायची, "आई, तुमच्या मुलाने माझ्याशी लग्न केलं ना, तेवढंच एक धाडस. त्यानंतर रजेवर आहे."

दोन वर्षांपूर्वी मावशी रुग्णालयाच्या जिन्यावर पडली. कोटांचा गठ्ठा काखेत होता, पायरी दिसली नाही, आणि सावरायला म्हणून तिने डावा हात पुढे टेकला. मनगट काडीसारखं मोडलं. दीड महिना हात प्लास्टरमध्ये. हाड जुळलं, हात पहिल्यासारखा चालू लागला, पण मनात जे बसलं ते काही केल्या उठेना. ती भिंतीला धरून चालू लागली. बसची पायरी चढायच्या आधी थांबून श्वास घ्यायची. रस्त्यावर पाणी सांडलेलं दिसलं की पलीकडच्या बाजूला जायची. त्यात बंड्याने घरात फतवे काढले. स्टुलावर चढायचं नाही. न्हाणीघरात रबरी चटईशिवाय पाऊल टाकायचं नाही. बाजारातून पिशवी आणायची नाही. पोराचा जीव तिच्यात अडकला होता, हे तिला कळत होतं. पण रोज कुणी "पडशील, पडशील" म्हणत राहिलं की माणूस उभ्या उभ्याच अर्धा पडलेला असतो.

मग एकदा लॉन्ड्रीतला पाइप गळू लागला आणि नळवाला आला. साठीकडे झुकलेला, बुटका, मान जवळजवळ नसल्यासारखा. त्याच्या कामाने जमीन ओली झाली होती. मावशी टेबलाची कड पकडत, पाऊल पाऊल मोजत कपाटाकडे निघाली. तो पान्हा थांबवून बघत राहिला.

"बाई, एक विचारू? तुम्ही पडायला घाबरता की लागायला?"

"दोन्ही एकच ना?" मावशी म्हणाली.

"नाही हो. मी गेली छत्तीस वर्षं आठवड्यातून तीनदा पडतो. लागत नाही."

असं कळलं की हा नळवाला संध्याकाळी नगरपालिकेच्या हॉलमध्ये जूडो शिकवतो. मावशी हसली. जूडो म्हणजे टीव्हीवर पांढऱ्या झग्यातले दोन धट्टेकट्टे एकमेकांना झोंबतात ते, एवढंच तिला ठाऊक. नळवाला म्हणाला, "झोंबायचं ते नंतर. आधी नुसतं पडायचं. येऊन बघा. बघायला काय जातंय?"

ती बघायला गेली. तिसऱ्या दिवशी पुन्हा गेली. आणि दुसऱ्या आठवड्यात जाड कापडाचा पांढरा अंगरखा घालून, कमरेला पांढरा पट्टा बांधून, गादीवर उताणी पडून ती दोन्ही हात आपटत होती. फट्. फट्. फट्. तीन महिने दुसरं काही नाही. आधी पडून, मग बसून, मग उकिडवं, शेवटी उभ्याने. हनुवटी छातीला, नजर पट्ट्याच्या गाठीवर, आणि हात कधीही, कधीही टेकायचा नाही. पहिल्यांदा उभ्याने मागे पडली आणि छत बघत राहिली तेव्हा तिला रडू आलं. लागलं म्हणून नव्हे, लागलं नाही म्हणून.

घरी मात्र तिने सांगितलं नाही. बंड्याने ऐकलं असतं तर तो आधी भीतीने आडवा झाला असता आणि मग तिला अडवायला दारात. म्हणून तिने सांगितलं, "मी वाचनालयात जाते." खोटं बोलायची सवय नाही, त्यामुळे ते नीट निभावायचं म्हणून ती जाता जाता खरंच वाचनालयातून पुस्तक घ्यायची. आणि सून कौतुकाने "कसं होतं?" विचारायची, म्हणून वाचावंही लागायचं. त्या एका खोट्यापायी वर्षभरात मावशीची चाळीसेक पुस्तकं वाचून झाली. अंगरखा ती पिशवीत तळाशी ठेवायची. एकदा सुनेच्या हाती लागला, तर म्हणाली, "कामावरचा आहे, कॉलर शिवायचीय." सुनेने कापड चाचपलं. "बापरे, हे कुठले डॉक्टर? चिलखत घालतात की काय?"

वर्ष उलटलं तशी मावशी पडण्यावरून पकडण्यावर आली. जूडोत समोरच्याची बाही आणि कॉलर घट्ट धरायची असते. सगळं त्या पकडीवर. तिची जोडीदार होती एक पंचविशीतली मुलगी, दिवसा गोदामात खोकी उचलणारी. तिची पकड म्हणजे पक्कडच. कापडाबरोबर दंडाचं मांसही मुठीत यायचं. मावशीची कातडी पातळ, लगेच निळी पडायची. दंडावर चार बोटं उमटायची, आतल्या बाजूला अंगठा. नडगीवर डाग, खांद्यावर डाग. मावशीला त्याचं काही वाटत नव्हतं. उलट आरशात बघून ती मनातल्या मनात खूश व्हायची.

लॉन्ड्रीत मात्र ते इस्त्रीवालीने पाहिलं. इस्त्रीवाली म्हणजे मावशीची वीस वर्षांची मैत्रीण, शेजारच्या टेबलावर वाफेची इस्त्री चालवणारी, मनाने लोणी आणि तोंडाने फटाका. उकाड्याने मावशीने बाही वर सरकवली आणि इस्त्रीवालीचा हात जागच्या जागी थांबला. चादरीवर पिवळा डाग पडला तरी तिला कळलं नाही.

"हे काय गं?"

"कुठे काय? दार लागलं."

बस. आणखी शंभर गोष्टी सांगता आल्या असत्या, पण मावशीच्या तोंडून नेमकं तेच निघालं. मार खाणारी प्रत्येक बाई जे सांगते, तेच. आणि दाराला चार बोटं नसतात.

त्यानंतर लॉन्ड्रीत सगळे मावशीशी फार चांगले वागू लागले. इतके चांगले, की तिला धास्तीच वाटली. जड गठ्ठा कुणी उचलू देईना. चहा हातात आणून देऊ लागले. ती आत आली की बोलणं थांबायचं. धुलाईवाली एकदा कारण नसताना तिला मिठी मारून गेली. इस्त्रीवाली म्हणाली, "माझ्या घरी मागची खोली रिकामीच असते हं. नुसतं सांगून ठेवते." मावशीला वाटलं, हिला भाडेकरू हवाय. आणि एका सकाळी सुयांच्या डबीत घडी घातलेली चिठ्ठी निघाली. त्यावर एक फोन नंबर आणि खाली लिहिलं होतं, 'तुम्ही एकट्या नाही.' मावशीने इकडेतिकडे बघितलं. लॉन्ड्रीत आठ जणी होत्या. एकटी नाही हे तिला दिसतच होतं. तिने चिठ्ठीवर दोरा गुंडाळून ठेवला.

उलगडा झाला तो एका गुरुवारी. मावशी घरी आली तर बंड्या आधीच आलेला, बूट न काढता खुर्चीत बसलेला. जो माणूस उंबऱ्याच्या आत बूट आणू देत नाही, तो. सून स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

"आई," तो म्हणाला, "मी तुला कधी हात लावलाय?"

"म्हणजे?"

"तुझ्या सुपरवायझर बाईंनी मला बोलावलं होतं. शेजारी समाजसेविका बसलेली. म्हणाल्या, आम्हाला सगळं माहीत आहे, आमचं लक्ष आहे तुमच्यावर. पंधरा दिवस झाले, नर्स माझ्याशी धड बोलत नाहीत. आज एका आजीबाईंनी माझ्या हातून गोळ्या घेतल्या नाहीत. म्हणाल्या, दुसऱ्याला पाठवा." त्याने तिच्या बाहीकडे बोट दाखवलं. "आई, तुझ्या हातावर काय आहे?"

मावशीच्या पायाखालची जमीनच सरकली. चहा, मिठी, मागची खोली, चिठ्ठी, सगळं एका क्षणात ओळीने लागलं. ताकाला जाऊन भांडं लपवत होती ती, आणि चोर ठरला होता पोरगा. तिने पिशवी उघडली, तळातून अंगरखा काढला आणि टेबलावर ठेवला.

"हा डॉक्टरांचा नाही. माझा आहे. मी वाचनालयात जात नाही. म्हणजे जाते, पण आधी जूडोला जाते."

मग सून म्हणाली, "पण तुम्ही पुस्तकं तर..."

"वाचली ना. सगळी वाचली."

बंड्याला समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर आधी काही तरी सैल झालं, आणि मग लगेच कपाळाला आठ्या आल्या. "मारामारी? या वयात? तुझं मनगट...!"

"मारामारी नाही रे. मारणं त्यात नाहीच. समोरच्याचा तोल कुठे आहे ते बघायचं."

"आणि मग?"

"मग त्याला पाडायचं."

"आणि तो तुला पाडतो."

"दर वेळी. मी अजून कच्ची आहे."

बंड्याने डोकं हातात धरलं. आपण आगीतून फुफाट्यात चाललोय, हे मावशीला कळलं. तिने जरा विचार केला आणि तिला जे येत होतं त्या भाषेत सांगितलं. "हे बघ, कापड कधी फाटतं? सगळी ओढ एका टाक्यावर आली की. तीच ओढ दहा टाक्यांवर वाटली, तर कापडाला काही होत नाही. मी जिन्यावर पडले तेव्हा सगळं अंग एका मनगटावर टाकलं. आता अख्खा हात, पाठ, खांदा, सगळीकडे वाटते. एवढंच शिकवतात तिथे. मार वाटून टाकायला."

"मला सांगितलं का नाहीस?"

"तू नको म्हणाला असतास."

"म्हणालोच असतो!"

"मग?"

बंड्या हळूच म्हणाला, "तू पडलीस ना, तेव्हा मी खाली धावत आलो होतो. तुझा हात उलटा दिसत होता. तेवढंच डोळ्यांपुढे येतं गं." मावशीने त्याच्या केसांवरून हात फिरवला. पस्तिशीच्या पोराने तो फिरवू दिला. सुनेने दोघांसमोर चहाचे कप ठेवले आणि म्हणाली, "बूट काढा आता."

मावशीला वाटलं, कठीण काम झालं. पण ते बाकीच होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती स्वतःहून सुपरवायझर बाईंच्या केबिनमध्ये गेली आणि सगळं सांगितलं. समाजसेविकाही होती. दोघींनी नीट ऐकून घेतलं. फारच नीट. मग सुपरवायझर बाईंनी खुर्ची जवळ ओढली, तिच्या हातावर हात ठेवला.

"मावशी, आईचं काळीज असतंच असं. पण त्याला वाचवायला म्हणून काहीही सांगू नका हो."

"अहो, खरंच जूडो..."

"त्याने सांगितलंय का असं बोलायला? काल आम्ही त्याला बोलावलं, आणि आज लगेच तुम्ही..."

मावशी जितकं समजावू लागली तितकी त्या दोघींच्या डोळ्यांतली कणव वाढू लागली. खोटं बोलली तेव्हा वाचनालय सगळ्यांना पटलं होतं, आणि खरं बोलतेय तर एकीलाही पटेना. नळवाल्याचं नाव सांगितलं, तर समाजसेविकेने वहीत लिहून घेतलं आणि विचारलं, "हे गृहस्थ तुम्हाला कधीपासून पाडतात?" मावशीला घाम फुटला. अजून पाच मिनिटं बोलली असती, तर मुलाबरोबर नळवालाही गेला असता.

ती उठली. "चला," म्हणाली. "दोघी चला माझ्याबरोबर."

लॉन्ड्रीत धुतलेल्या ब्लँकेटांचा गठ्ठा सोडलेला होता. मावशीने ती चार पदरी करून जमिनीवर अंथरली. इस्त्रीवालीने इस्त्री बाजूला ठेवली. यंत्रांपाशी असलेल्या बायका पुढे आल्या. मावशीने चपला काढल्या, ब्लँकेटांकडे पाठ केली, हनुवटी छातीला लावली आणि मागच्या मागे स्वतःला सोडून दिलं.

एकच किंकाळी उठली, ती इस्त्रीवालीची. तिच्या पाठोपाठ मावशीच्या हातांचा आवाज झाला, फट्, पत्र्यावर काठी आपटावी तसा. मावशी उताणी पडून छताकडे बघत होती. मग कुशीवर वळली, उठली, कपडे झटकले आणि पुन्हा पडली. या वेळी डाव्या कुशीवर. मग उजव्या. चौथ्यांदा पडायला लागली तेव्हा सुपरवायझर बाई ओरडल्या, "पुरे! पुरे, मावशी, कळलं!"

"नाही कळलं," मावशी म्हणाली. तिला थोडी धाप लागली होती. ती इस्त्रीवालीपुढे जाऊन उभी राहिली. "धर माझी बाही. इथे, कोपराच्या वर. घट्ट. चादर पिळतेस तशी."

"मी नाही बाई. तुला लागेल."

"धर म्हणते ना!"

इस्त्रीवालीने धरलं. वीस वर्षं इस्त्री दाबलेला हात तो. मावशी म्हणाली, "आता सोडू नकोस हं," आणि एक पाऊल मागे घेऊन तिला आपल्याकडे ओढलं. इस्त्रीवाली तोल जाऊन पुढे आली आणि पडू नये म्हणून तिने मूठ आणखी आवळली. मावशीने तिला दुसऱ्या हाताने सावरून उभं केलं. मग सगळ्यांसमोर बाही वर सरकवली. नव्या लाल खुणा जुन्या निळ्या खुणांच्या जवळजवळ वरच बसल्या होत्या. बाहेर चार बोटं, आत अंगठा.

सुपरवायझर बाई वाकून कितीतरी वेळ बघत राहिल्या. मग धुतलेल्या कपड्यांच्या ट्रॉलीवर मटकन बसल्या. "अहो मावशी," त्या म्हणाल्या, "तीन आठवडे मला झोप नाही." आणि त्या हसू लागल्या, आणि हसता हसता डोळे पुसू लागल्या. त्यांचा जीव भांड्यात पडला तो सगळ्यांना ऐकू यावा असा. समाजसेविकेने वहीतलं ते पान फाडलं. मग मावशीला म्हणाली, "माफ करा. पण पुन्हा असं काही दिसलं तर पुन्हा विचारीन हं."

"विचारायलाच पाहिजे," मावशी म्हणाली. आणि ते तिने मनापासून म्हटलं. आठ बायकांनी आपल्यासाठी एवढा जीव टाकला, ही गोष्ट काही लहान नव्हती. साप समजून भुई धोपटली, हे खरं, पण भुई धोपटायला तरी कुणी तरी जवळ असावं लागतं.

इस्त्रीवाली अजून आपल्या मुठीकडे बघत होती. "म्हणजे तू पैसे देऊन पडतेस?"

"हो."

"आणि लोक तुला धरतात, ओढतात, आपटतात."

"हो."

"अगं, एवढंच हवं होतं तर मला सांगायचंस! मी फुकटात केलं असतं."

लॉन्ड्री अशी हसली की वरच्या मजल्यावरून कुणी तरी काय झालं विचारायला आलं.

दुपारी सगळ्या आठही जणी रांगेने औषधांच्या खिडकीशी गेल्या. सगळ्यात पुढे इस्त्रीवाली. बंड्याने त्यांना बघितलं आणि तो खिडकीच्या आत एक पाऊल मागे सरकला. इस्त्रीवाली म्हणाली, "बाळा, आम्ही तुला पाण्यात पाहत होतो. चूक झाली." तो म्हणाला, "काही औषध हवंय का?" इस्त्रीवाली म्हणाली, "दे काही तरी डोकेदुखीचं. आमच्यामुळे तुला झाली असेल. तूच घे." त्याच नर्स, ज्या पंधरा दिवस तोंड फिरवून जायच्या, त्या संध्याकाळपर्यंत एकेक करून येऊन गेल्या. कुणी नुसतं मान हलवून, कुणी उगीचच हवापाण्याचं बोलून. त्याला तेवढं पुरलं.

सोमवारी तो आईबरोबर हॉलवर गेला. भिंतीशी बाक होतं, त्यावर बसला. घाम आणि रबराचा वास, एका बाजूला टेबल टेनिसचं टेबल दुमडून ठेवलेलं. पांढऱ्या अंगरख्यातली आई त्याला परकी वाटली, आणि मग अचानक तरुण. गोदामातल्या मुलीने तिची बाही धरली तेव्हा त्याने डोळे मिटले. आवाज झाला. उघडले तेव्हा आई उठत होती. दुसऱ्यांदा त्याने एकच डोळा मिटला. तिसऱ्यांदा बघितलं. ती हवेत गेली, वळली, गादीवर आडवी झाली, हात फट्कन वाजला, आणि ती हसत उठली. बंड्याने सोडलेला श्वास बाकावरून हॉलभर ऐकू गेला.

नळवाला त्याच्या शेजारी येऊन बसला. बंड्या म्हणाला, "तिचं डावं मनगट..."

"ठाऊक आहे. त्या बाजूला कमी पाडतो." जरा थांबून तो म्हणाला, "तुमची आई फार हट्टी आहे."

"मला नव्हतं माहीत," बंड्या म्हणाला.

परत येताना दोघं सावकाश चालत होते. अजून उजेड होता, दुकानं उघडी होती. त्याने तिची पिशवी घ्यायला हात पुढे केला, मग मागे घेतला, मग तिनेच ती त्याच्याकडे दिली. वर्षभर छातीवर ठेवलेला दगड कुणी उचलून नेला असावा, तसं तिला हलकं वाटत होतं. आता बाही खाली ओढायची नव्हती, काय सांगितलं होतं ते लक्षात ठेवायचं नव्हतं.

"आई, एक विचारू? ती तुला वर उचलते, तेव्हा काय वाटतं?"

मावशीने खरंच आठवून पाहिलं. "वर काही वाटायला वेळच नसतो रे. खाली आल्यावर वाटतं."

"काय?"

"की झालं एकदाचं."

बंड्या रस्त्यातच थांबून हसायला लागला. मोठ्याने, तोंड उघडं टाकून, कितीतरी वर्षांनी. फळवाल्याने वळून पाहिलं. मावशी त्याच्या दंडाला धरून उभी राहिली आणि तीही हसत सुटली.